कशात लावनार?

पेनड्राइव्ह घ्यायला आलेल्या माणसाला दुकानदार साधारणपणे दोनच गोष्टी विचारतो, केवढा पाहिजे आणि कोणत्या कंपनीचा पाहिजे. आमचे अप्पा तिसरंच काहीतरी विचारायचे. गिऱ्हाईक अजून पायरीवर असायचं, चप्पल काढावी की राहू द्यावी या विचारात असायचं, तेवढ्यात आतून खणखणीत आवाज यायचा, "कशात लावनार?"

"टीव्हीत" म्हटलं की पुढचा प्रश्न, "कोनत्या?" टीव्हीचं नाव सांगितलं की, "कव्हा घेतलाय?" एकदा एक जण म्हणाला, "थोरल्या पोरीच्या बारशाला घेतला." अप्पांनी विचारलं, "पोरगी कितवीला हाय?" "सातवीला." अप्पांनी डोळे मिटले, बोटांची पेरं मोजली आणि निकाल दिला, "मग त्याला बत्तीसच लागंल. दुसरं चालायचं न्हाई." पोरीची पत्रिका दाखवायला आल्यासारखा तो माणूस हात जोडून बसून राहिला.

पिंगळी स्टेशनाच्या रस्त्यावर अप्पांचं दोन शटरचं दुकान होतं. एका शटरात ते स्वतः पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं भरून द्यायचे, दुसरं शटर मी भाड्याने घेतलं होतं. मी लग्नांचं शूटिंग करायचो. पंचविशीत होतो, नवा कॅमेरा घेतला होता आणि जगातलं बहुतेक सगळं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. अप्पा साठीच्या घरात. अंगात पांढरी बंडी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि दुसऱ्या दोऱ्यात ओवलेला एक पेनड्राइव्ह. हे दोन्ही गळ्यात कशाला, असं मी एकदा विचारलं. अप्पा म्हणाले, "लिंग अंगावरून काडायचं नसतं. आन् ह्यो काडला की हरवतो."

भाड्याच्या बाबतीत त्यांनी मला काही ताणलं नाही, पण एक अट घातली. केलेल्या प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत काढायची आणि ती त्यांच्या घरी, ज्वारीच्या कोठीशेजारच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला द्यायची. "इथं पानी गळलं, उंदरानं वायर खाल्ली, तर त्या पोरीचं लगीन तू पुन्हा लावनार हाईस का?" रोज संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी ते माझ्या दारात येऊन उभे राहायचे. "दुसरी कापी हाय का?" मी "हाय" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. घरमालक विजेवरून आणि पाण्यावरून छळतात हे मी ऐकून होतो. कॉपीवरून छळणारा हा एकच पाहिला.

माझ्या पहिल्याच महिन्यात मी त्यांच्याशी भांडायला गेलो होतो. बत्तीस जीबीचा कोरा पेनड्राइव्ह त्यांच्याकडूनच घेतलेला, त्यात पाच जीबीचं एक लग्न टाकायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. "अप्पा, माल खोटा दिलात," मी म्हणालो.

अप्पांनी आधी मला चहा पाजला. मग म्हणाले, "हे बघ. घर बत्तीस खनाचं हाय, पन दार चारचं. चारच्या आतली कपाटं कितीबी आन, घर भरंस्तोवर आन. पाचचं आनलंस की दारातच अडकनार. मग आत कितीबी जागा असू दे. जागा असनं येगळं, दार असनं येगळं."

"मग दार मोठं करा की."

"करता येतंय. एनटी कर, दार हत्ती जाईल येवढं. पन म्हातारे टीव्ही त्या घराची पायरी चढत न्हाईत. एक्स कर, नव्या टीव्हीला लय गोड लागंल, जुन्याला सांगूबी नको. म्हनून आधी इचारायचं, कशात लावनार. पावना कोन हाय ते बघून दार बसवायचं."

पेनड्राइव्हमध्ये फायली मांडून ठेवायच्या तीन पद्धती असतात, फॅट बत्तीस, एनटीएफएस आणि एक्सफॅट. अप्पांच्या तोंडी त्यांची बत्तीस, एनटी आणि एक्स अशी घरगुती नावं झाली होती. यातलं बत्तीस म्हणजे जीबी नव्हे, चार जीबीच्या दाराची जुनी पद्धत. मी हे सगळं पुढे इंटरनेटवर वाचलं, पण खण आणि दार याहून स्पष्ट मला कुणी सांगितलेलं नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना टीव्ही होता. त्याचं नाव सासरेबुवा. कारण तो प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा. याला ही फाइल चालत नाही, त्याचा आवाज येत नाही, मराठीत लिहिलेलं नाव दिसलं की नुसते चौकोन दाखवतो. अप्पांकडून बाहेर पडणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी सासरेबुवांपुढे जायचा. त्यांनी पास केला तरच गिऱ्हाइकाच्या हाती. "ह्यांना पटलं म्हंजे झाडून साऱ्या पावन्यांना पटलं," असं अप्पा म्हणायचे. नापास झाला की गिऱ्हाइकाला परत बाकड्यावर बसवायचे, मग त्याची गाडी सुटो नाहीतर राहो.

गाडीवरून आठवलं. चुडाव्याचा एक शेतकरी पॅसेंजरने भजनं भरून न्यायला आला.

"कशात लावनार?"

"ट्रॅक्टरात."

"ट्रॅक्टरात कशात?"

"आता ट्रॅक्टरातल्या टेपात, आन् काय डिझेलच्या टाकीत?" तो वैतागला.

"तेच तर. टेप कोनता?"

त्याला काही सांगता येईना. अप्पांनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी त्याच पॅसेंजरने तो उतरला तो काखेत टॉवेलचं गाठोडं घेऊन. सोडलं तर आत ट्रॅक्टरचा टेप, वायरी लोंबत असलेला. फोटो काढायचं त्याच्या डोक्यात आलं नाही, त्याने पान्याने अख्खा टेपच उचकटून आणला होता. अप्पांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याला उठून मिठी मारली. "असं गिऱ्हाईक पायजे! बाकीचे नुसते पेनड्राइव्ह घ्यायला येत्यात." नंतर वर्षभर ते प्रत्येकाला ही गोष्ट सांगत होते, आणि दर वेळी त्या गाठोड्यात एक वायर वाढत होती.

पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा म्हणजे आतलं सगळं पुसून तो नव्याने मांडायचा. हे काम अप्पा स्वतःच्या हाताने कधी करत नसत. ज्याचा पेनड्राइव्ह त्यानेच शेवटचं बटण दाबायचं असा त्यांचा दंडक होता. आधी तीनदा विचारायचे, "दुसरी कापी हाय का?" तीनदा "हाय" आलं की गळ्यातल्या लिंगाला हात लावायचे, गिऱ्हाइकाचं बोट धरून बटणावर ठेवायचे आणि भटजीच्या सुरात म्हणायचे, "सावधाऽन!" एक निवृत्त गुरुजी एकदा तसे बोट ठेवून अर्धा तास बसले होते. पेनड्राइव्हमध्ये शाळेतल्या निरोप समारंभांची सगळी भाषणं होती, त्यांच्या स्वतःच्या निरोपाचंही. शेवटी बोट उचलून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. त्या माउलीने अप्पांना सावधान म्हणायचीसुद्धा उसंत दिली नाही.

काम झाल्यावर पेनड्राइव्ह तसाच उपटलेला त्यांना खपत नसे. कॉम्प्युटरला रीतसर विचारायचं, त्याने हो म्हटल्यावर काढायचा, आणि काढताना हलकेच म्हणायचं, "येतो." मी एकदा हसलो. म्हणालो, अप्पा, यंत्राला काय कळतंय. ते म्हणाले, "यंत्राला न्हाई कळत. तुला कळायलंय का ते बघायलोय."

आता ते दुकान नाही. लोक सगळं मोबाइलवर पाहतात, पेनड्राइव्ह भरून न्यायला कुणी येत नाही. त्या शटरात चहावाला बसतो. अप्पा उदगीरला पुतण्याकडे असतात, तब्येत ठणठणीत आहे. मागे मी फोन करून सांगितलं की, नवीन हार्डडिस्क घेतोय. पलीकडून लगेच आलं, "कशात लावनार?"

अप्पांनी लग्न केलं नव्हतं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. पेनड्राइव्हच्या आधी त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं आणि त्याच्याही आधी लाउडस्पीकर. आसपासच्या गावांतल्या किती लग्नांत त्यांचा कर्णा वाजला याची गणती नाही. कॅसेटच्या काळातली एक खोड त्यांना कायमची लागली होती. एका बाजूला तीस मिनिटं असतील तर गाणी अशी बसवायची की, बाजू संपायच्या आत गाणं संपलं पाहिजे. मध्येच तुटलेलं गाणं म्हणजे त्यांना अर्ध्या ताटावरून उठवलेला माणूस वाटायचा.

लग्नाचा विषय मी एकदाच काढला, तोही थट्टेत. "अप्पा, येवढी लग्नं वाजवलीत, तुमच्या डोक्यावर कव्हा अक्षता पडल्याच न्हाईत का?" ते मेमरी कार्ड पुसत होते. म्हणाले, "तीस वर्षं मांडवात व्हतो. पन मशिनीपाशी. अक्षदा तिथवर येत न्हाईत." आणि हसले. मीही हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही.

अप्पांचं म्हणणं मी एकदाच डावललं, आणि नेमकं पेडगावच्या लग्नात.

पेडगावचं घर खातंपितं, शेती चांगली. लग्न परभणीच्या एका कार्यालयात ठरलेलं. आठ दिवस आधी नवरीचे आजोबा गोठ्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी कॉटवरून हलायची बंदी केली. घरच्यांनी तारीख पुढे ढकलायचं काढलं तर म्हातारा खवळला. सगळे त्यांना आबा म्हणायचे. "माझ्या खुब्यापायी लेकराचं लगीन अडवता का? लावा बिनधास्त. माझ्या वाटच्या अक्षदा तेवढ्या माझ्यापाशी ठिवा. टीव्हीत बघून टाकीन." लोकांना वाटलं, म्हातारा गमतीने बोलतोय. आबांनी मूठभर अक्षता मागून घेतल्या, रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि उशाखाली ठेवून दिल्या.

नवरीला शाळेत सोडायला, आणायला, आजारपणात उशाशी बसायला आबाच असायचे. लग्नाच्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन बजावलं, "दादा, आल्बम कधीबी द्या. आबांचा पेनड्राइव्ह पहिला. मी पुढच्या रविवारी मांडवपरतनीला माहेरी येनार, तोवर त्यांनी अक्षदा टाकल्याल्या पायजेत. लगीन बघितल्याबिगर आशीर्वाद कसा दिऊ, असं म्हनालेत मला." एवढं बोलून ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

मी मनावर घेतलं. तीन तासांचं लग्न, कुठे तोड नाही, जोड नाही, दहा जीबीची एकच अखंड फाइल. मला त्या फाइलचा कोण अभिमान. अप्पांनी दारातून विचारलं, "कशात लावनार? सासरेबुवांना दाखीवलंस का?" मी म्हणालो, "अप्पा, त्यांचा टीव्ही भिंतीवरचा हाय, चपटा. तुमच्या सासरेबुवांचं काय काम?" मोठ्या फाइलला मोठं दार, म्हणून मी पेनड्राइव्ह एनटीएफएस करून दिला.

बुधवारी पेडगावहून नवरीच्या भावाचा फोन आला. "टीव्ही म्हनायलाय, काहीच लावलं न्हाई." टीव्ही चपटा होता, पण चपट्यांमधला अगदी पहिल्या पिढीतला.

अप्पांना सांगायची लाज वाटली. मी गुपचूप फाइलचे सारखे तीन तुकडे केले. सॉफ्टवेअर सुरीसारखं चालतं, कुठे कापतंय ते बघत नाही. पेनड्राइव्ह बत्तीस केला आणि आधी तिसरा तुकडा टाकला, मग दुसरा, मग पहिला. भाकरी रचतात तसा माझा हिशेब, शेवटी टाकलेली वर राहते. गुरुवारी मी स्वतःच पेडगावला गेलो.

आबांच्या खोलीत अर्धी गल्ली जमली होती. कॉटच्या पायथ्याशी भिंतीवर टीव्ही. आबांनी रुमालाची गाठ सोडून अक्षता मुठीत धरल्या होत्या. पेनड्राइव्ह लावला, चित्र आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टीव्हीत नवरी आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. पाठवणी.

"आरं," आबा म्हणाले, "लगीन लागायच्या आधीच पोरगी वाटं लावली का?"

गल्ली खो खो हसली. भावाने रिमोटचं बटण दाबलं. दुसरा तुकडा सुरू झाला तो थेट अक्षतांच्या पावसात. आबांनी हात उचलेपर्यंत हारसुद्धा घालून झाले होते. मागे नेऊन पाहिलं, तरी पहिल्या चित्रातच अक्षता पडत होत्या. "पडून गेल्याल्या अक्षदांवर अक्षदा कशा टाकू?" आबा म्हणाले. पुन्हा बटण. आता हळदीपासून सुरू झालं. पळवत पळवत मंगलाष्टकांपाशी आलो. आबांनी मूठ वर धरली. भटजींनी सूर लावला, शुभमंगल साव... आणि पडदा निळा. टीव्ही फिरून पहिल्या फायलीवर गेला आणि नवरी पुन्हा आईच्या गळ्यात पडून रडायला लागली.

या वेळी कुणी हसलं नाही. आबांचा हात वरच होता. मग त्यांनी तो सावकाश खाली घेतला, अक्षता रुमालात ठेवल्या आणि दातांनी गाठ आवळली. "राहू दे लेकरा," ते मला म्हणाले. "तुजी काय चूक न्हाई. माझ्या पायानंच दगा दिला." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परत आलो तो सरळ अप्पांपुढे जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. अप्पा रागावले की अहोजाहो करायचे. "शूटिंगवाले, तुमी नवरीला इचारलंत, कॅमेऱ्याला इचारलंत. ज्याच्यात लावायचं त्याला इचारलंत का?"

मी म्हणालो, "लॅपटॉप घेऊन जातो आन् दाखवून येतो."

"लॅपटॉप घिऊन तू वापस येशील. त्यांला रोज बघायचंय. त्यांच्या टीव्हीत, त्यांच्या हातातल्या रिमोटनं."

"मग फाइल दाबून चारच्या आत बसवतो."

"चेहरे पुसट हुतील. म्हाताऱ्याची नजर आधीच पुसट असंल. अजून किती पुसायचं?"

शुक्रवारी अप्पा माझ्या शटरात येऊन बसले. तीन तासांचं अख्खं लग्न त्यांनी पाहून काढलं, तेही बहुतेक डोळे मिटून. नुसतं ऐकत होते. "लगीन डोळ्यानं कापायचं नसतं, कानानं कापायचं." बँड थांबला की बोट वर करायचे. "इथं. हितं मानसं पानी प्यायला उठत्यात." अंतरपाट धरल्यापासून हार घालून होईपर्यंतचा भाग त्यांनी सलग ठेवला. त्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्याला सुरी लावायची न्हाई." चार तुकडे झाले. चारही मी एकदम टाकायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "एकेक. पहिला बसू दे, मग दुसरा. जुन्या टीव्हीला आकडे वाचता येत न्हाईत. त्याचं पंगतीसारखं हाय, आधी बसला त्याला आधी वाढनार." माझ्या भाकऱ्यांचा हिशेब मी त्यांना सांगितला नाही.

सासरेबुवांनी चारही भाग ओळीने दाखवले. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

शनिवारी अप्पांनी दुकान बंद ठेवलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून पेडगावला आले. आबांनी मला पाहिलं आणि उशाखाली हात घालायचा की नाही, या विचारात पडले. अप्पांनी टीव्हीच्या मागे बघितलं, फुंकर मारली, पेनड्राइव्ह लावला आणि बाजूला झाले.

हळद झाली. वरात आली. भाग संपला तो बरोबर बँड थांबल्यावर, आणि खरोखरच दोन माणसं पाणी प्यायला उठली. दुसरा भाग लागला. अंतरपाट धरला गेला. आबांच्या मुलांनी त्यांना पाठीला उशा लावून बसतं केलं. खोलीतल्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले. जी माणसं खुर्च्यांवर होती तीसुद्धा उठून उभी राहिली, टीव्हीतलं आठ दिवसांपूर्वीचं लग्न आता लागणार होतं म्हणून. आबांनी गाठ सोडली.

पहिलं मंगलाष्टक नीट झालं. दुसऱ्याला चित्र अडखळलं. भटजींचा आवाज तुटला, पडदा एकदा निळा होऊन परत आला. कुणाला काही कळायच्या आत अप्पांनी झेप घेतली आणि टीव्हीच्या बाजूला वाकून पेनड्राइव्ह बोटाने दाबून धरला. टीव्हीची खाच ढिली झाली होती. बोट ठेवलं की लग्न चालायचं, जरा हललं की अडखळायचं.

"अप्पा, मी धरतो," मी म्हणालो.

"सरक. हाललो तर लगीन मोडंल."

असे ते उभे. कमरेत वाकलेले, मान टीव्हीच्या चौकटीला लागलेली, तोंड भिंतीकडे. पाच मंगलाष्टकं तशीच. शेवटच्याला भटजींनी सूर लांबवला, खोलीतल्या सगळ्यांनी त्यात सूर मिसळला. शुभमंगल सावधाऽन! टीव्हीत अंतरपाट दूर झाला आणि आबांनी बसल्या जागेवरून, खुब्याची पर्वा न करता, सगळा जोर लावून मूठ उधळली.

म्हाताऱ्याचा नेम नातीवर होता. पण नात टीव्हीत आणि टीव्हीच्या बाजूला अप्पा. थोडे तांदूळ पडद्यावर वाजले, बाकीचे सगळे अप्पांच्या डोक्यावर, मानेवर, बंडीवर.

आबाच ओरडले, "अप्पा, तुमचंबी लावून टाकलं बरं का!"

खोली हसून हसून लोटपोट झाली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसण्याचं की नातीचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अप्पा मात्र तसेच वाकलेले. हार घातले जाईपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही आणि मान वर केली नाही. नंतर त्यांनी घरातली एक जुनी लग्नपत्रिका मागितली, तिची घडी करून खाचेत पाचर मारली आणि आबांना रिमोटवर भाग कसा बदलायचा ते तीनदा करून दाखवलं. निघताना टीव्हीला "येतो" म्हणाले.

रविवारी नात आली. पाया पडली. आबांनी आशीर्वाद तर दिलाच, वर तिला कॉटवर शेजारी बसवून तिचं लग्न तिलाच दोनदा दाखवलं. हे मला तिच्या भावाने फोनवर सांगितलं.

पण मला आठवतं ते शनिवारचं परतणं. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं होतं. स्कूटर बंद केली आणि मागे वळून पाहिलं. अप्पांच्या पांढऱ्या केसांत तांदूळ अडकलेले होते, कुंकवाने केस मधूनमधून गुलाबी झाले होते. बंडीच्या गळ्यावर चार दाणे. एवढ्या वाऱ्यातही ते उडाले नव्हते, कारण अप्पा सारा वेळ माझ्या पाठीआड डोकं धरून बसले होते.

"अप्पा," मी म्हणालो, "डोक्यात अक्षता हायत. झटका की."

त्यांनी हात वर नेला. बोटांना तांदूळ लागल्यावर तो तिथेच थांबला आणि मग हळूच खाली आला.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "ह्याची दुसरी कापी न्हाई."